घटक ५ : मॉली ब्रँट – नाते, निष्ठा आणि सूड

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
– मॉली ब्रँट हिच्या जीवनातील प्रमुख घटना कालक्रमाने सांगता येतील;
– अठराव्या शतकातील उत्तर अमेरिकेच्या सरहद्दीवरील समाजजीवन आणि युद्ध यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल;
– एखाद्या व्यक्तीसाठी दप्तरात वापरलेले शब्द आणि त्या व्यक्तीचे प्रत्यक्ष जीवन यांतील अंतर ओळखता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे आपण मागील घटकात पाहिली. त्या लक्षणांचा पडताळा घेता यावा, म्हणून या घटकात एक लघुचरित्र दिले आहे. त्याची नायिका आपल्या देशातील नाही. तिचे आयुष्य आज अमेरिकेत असलेले न्यूयॉर्क राज्य आणि कॅनडा यांच्या सरहद्दीवर गेले. मात्र तिचा काळ आपल्याला परिचित आहे. सवाई माधवरावांच्या वतीने पुण्याचे कारभारी इंग्रजांशी पहिले युद्ध (१७७५–१७८२) लढत होते, त्याच वर्षांत अमेरिकेतील तेरा वसाहती इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठल्या होत्या. वडगावच्या तहापूर्वी दीड वर्ष, म्हणजे ऑगस्ट १७७७ मध्ये, तिच्या आयुष्याला कलाटणी देणारा दिवस उजाडला.

तिने आत्मवृत्त लिहिले नाही. तिच्याविषयीची बहुतेक माहिती ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात, हिशेबांत आणि एका मृत्युपत्रात विखुरलेली आहे. या कागदांत ती कोठे घर सांभाळणारी बाई म्हणून येते, कोठे राजनिष्ठ म्हणून, तर कोठे सूडबुद्धीची स्त्री म्हणून. हे तिन्ही शब्द दुसऱ्यांचे आहेत. ते तिच्या आयुष्याला कितपत लागू पडतात, हा प्रश्न मनाशी ठेवून पुढील विवेचन वाचावे.

५.२ नाव, कुळ आणि संघ

मॉलीचा जन्म सुमारे १७३६ मध्ये मोहॉक समाजात झाला. मोहॉक नदीच्या खोऱ्यातील कॅनाजोहारी हे तिच्या कुटुंबाचे गाव. तिच्या बालपणीचा काही काळ पश्चिमेकडील ओहायो प्रदेशातही गेला. बाप्तिस्म्याच्या वेळी तिचे नाव मेरी ठेवले गेले; ‘मॉली’ हे त्याचेच घरगुती रूप. ‘ब्रँट’ हे सावत्र वडिलांचे नाव तिला आणि तिचा धाकटा भाऊ जोसेफ (जन्म १७४३) याला पुढे आडनाव म्हणून चिकटले.

येथे भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. ओठ मिटून उच्चारली जाणारी प, ब, म यांसारखी व्यंजने मोहॉक भाषेत मुळात नाहीत. त्यामुळे मेरी या नावाचे मोहॉक रूप ‘वारी’ असे होते. जग जिला ‘मॉली ब्रँट’ म्हणून ओळखते, तिच्या या नावातील दोन्ही आद्य ध्वनी तिच्या मातृभाषेचे नव्हेत. ‘मोहॉक’ हे नावही परक्यांनीच दिलेले. ते लोक स्वतःला गारगोटीच्या प्रदेशातील माणसे अशा अर्थाच्या शब्दाने ओळखवतात. मॉलीचे मोहॉक नाव गोन्वात्सिजायेन्नी असे होते. कोणी तिला फूल उसने देते, असा त्याचा अर्थ सांगतात. आपल्याला ज्यासाठी पूर्ण वाक्य लागते, ते त्या भाषेत एका क्रियारूपात मावते.

मोहॉक समाज मातृवंशीय होता. मूल आईच्या कुळाचे समजले जाई. मॉली लांडगा कुळाची होती. शेती स्त्रियांच्या हाती होती आणि मक्याच्या कोठारांवर त्यांचा ताबा होता. कुळातील ज्येष्ठ स्त्रिया प्रमुखाची निवड करीत आणि तो अयोग्य ठरल्यास त्याला पदावरून दूरही करीत. म्हणून मॉलीचा पुढील काळातील अधिकार समजून घेताना तो केवळ एका बड्या इंग्रज अधिकाऱ्यामुळे तिला मिळाला, असे मानणे चुकीचे ठरेल. त्या अधिकाराची मुळे तिच्या मातृकुळात होती.

मोहॉक हे हॉडनशोनी संघाचे एक राष्ट्र. युरोपीय लोक या संघाला इरोक्वॉय म्हणत. त्यात प्रारंभी पाच राष्ट्रे होती : पूर्वेला मोहॉक, मग ओनायडा, मध्यभागी ऑनोंडागा, त्यापलीकडे कायुगा आणि पश्चिमेला सेनेका. सुमारे १७२२ मध्ये टस्करोरा हे सहावे राष्ट्र संघात आले. हॉडनशोनी म्हणजे लांब घरात राहणारे लोक. एकाच घरात अनेक चुली असाव्यात, तशी ही राष्ट्रे नांदत होती. संघाची सभा ऑनोंडागा येथील सामाईक अग्नीभोवती भरे.

या संघाच्या स्थापनेची परंपरागत कथा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. संघापूर्वी ही राष्ट्रे खुनाचा बदला खुनाने घेत आणि एका मृत्यूतून दुसरा मृत्यू जन्माला येई. मुलींच्या मृत्यूने सैरभैर झालेल्या हायवाथा नावाच्या पुरुषाचे शांतिदूताने सांत्वन केले. दुःखिताचे डोळे पुसणे, कान मोकळे करणे, कंठ मोकळा करणे, असे त्या विधीचे टप्पे आहेत. शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा देऊन ते पार पाडले जातात. पुढे हाच सांत्वनविधी संघाचा पाया ठरला. आपापसांत सूड घ्यायचा नाही, शोक वाटून घ्यायचा, हा त्या पाच राष्ट्रांचा मूळ करार होता. मॉलीच्या आयुष्यात हा करार मोडला आणि तो मोडण्याच्या प्रसंगात तिचाही हात होता.

५.३ जॉन्सनचे घर

१७५४–५५ च्या हिवाळ्यात मोहॉक प्रमुखांचे एक शिष्टमंडळ जमिनीच्या एका फसव्या व्यवहाराबाबत बोलणी करण्यासाठी फिलाडेल्फियाला गेले. त्यांच्यासोबत अठरा-एकोणीस वर्षांची मॉलीही होती. जमीन कागदावर कशी जाते, हे तिने तरुणपणीच जवळून पाहिले.

याच सुमारास इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात उत्तर अमेरिकेच्या वर्चस्वासाठी युद्ध सुरू झाले. मोहॉक खोऱ्यात तेव्हा विल्यम जॉन्सन या आयरिश गृहस्थाचा मोठा दबदबा होता. १७३८ मध्ये तो तेथे आला. व्यापार करता करता तो मोहॉक भाषा शिकला, त्यांच्या सभांत आणि शोकविधींत बसू लागला. सप्टेंबर १७५५ मधील लेक जॉर्जच्या लढाईनंतर त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला आणि पुढील वर्षी उत्तरेकडील मूळ रहिवाशांशी राजकीय व्यवहार करणारा अधीक्षक म्हणून त्याचे पद पक्के झाले. त्या लढाईत जॉन्सनच्या बाजूने लढताना मोहॉकांचा वयोवृद्ध नेता हेंड्रिक मारला गेला. इंग्रजांशी असलेल्या मैत्रीची किंमत मोहॉक लोक रक्ताने चुकवत होते.

मॉली आणि जॉन्सन यांच्या पहिल्या भेटीविषयी एक दंतकथा प्रचलित आहे. कवायतीच्या मैदानावर एका घोडेस्वाराच्या मागे तिने धिटाईने उडी मारली आणि जॉन्सन तिच्यावर लुब्ध झाला, असे ती कथा सांगते. नंतरच्या कादंबरीकारांना ही कथा प्रिय झाली, कारण सरहद्दीवरची रानफुलासारखी मुलगी त्यांना हवीच होती. कागदपत्रांतून दिसणारे चित्र अधिक गंभीर आहे. १७५९ मध्ये जॉन्सनची गोरी सहचारिणी कॅथरीन वारली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॉलीला पहिला मुलगा पीटर झाला. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत झालेल्या अपत्यांपैकी दोन मुलगे आणि सहा मुली मिळून आठ जण जगले.

१७६३ मध्ये बांधलेल्या जॉन्सन हॉल या वाड्याचा कारभार मॉली पाहत असे. तेथे एकाच वेळी इंग्रज सरदार, व्यापारी आणि संघाच्या सहाही राष्ट्रांचे शेकडो पाहुणे उतरत. कोणाला काय वाढायचे, कोणाची भेट आधी घ्यायची, कोणते कुळ नाराज आहे, याची जाण तिला होती. हे काम स्वयंपाकघरापुरते नव्हते. संघाशी असलेले साम्राज्याचे संबंध त्या अंगणात टिकवले जात होते. मोहॉकांच्या दृष्टीने मॉली जॉन्सनची पत्नी होती आणि तिच्यामुळे तो त्यांचा सोयरा झाला होता. साम्राज्यासाठी ती राजकीय सोय होती, तर मोहॉकांसाठी ते दोन्ही बाजूंना बांधणारे नाते होते.

या नात्यात प्रेम किती आणि हिशेब किती, हे तागडीत तोलता येत नाही. जॉन्सनने मोहॉकांच्या जमिनी अनेकदा लबाड व्यापाऱ्यांपासून वाचवल्या, तसा तो स्वतःही वसाहतीतील सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही पंधरा वर्षांचा संसार, मुलांच्या शिक्षणाची काळजी आणि त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षे मॉलीने जपलेली त्याची आठवण पाहता या नात्याला केवळ सोय म्हणता येणार नाही.

११ जुलै १७७४ रोजी जॉन्सन हॉलच्या प्रांगणात संघाची मोठी सभा चालू असताना, भर उन्हात भाषण करून जॉन्सन कोसळला आणि त्याच दिवशी वारला. त्याच्या मृत्युपत्रात मॉलीला जमीन, रोख २०० पौंड आणि एक गुलाम कृष्णवर्णीय स्त्री देण्यात आली. गुलामगिरी त्या वाड्याच्या वैभवाचा भाग होती आणि मॉलीही तिच्यापासून अलिप्त नव्हती, याची नोंद चरित्रकाराने घेतली पाहिजे. मृत्युपत्रात तिचा उल्लेख पत्नी म्हणून नव्हे, तर विश्वासू घरव्यवस्थापिका म्हणून आहे आणि तिची मुले अनौरस म्हणून नोंदलेली आहेत. वाडा आणि पदवी कॅथरीनचा मुलगा जॉन याच्याकडे गेली. मॉली मुलांना घेऊन कॅनाजोहारीला परतली. तिने तेथे दुकान थाटले. आईच्या कुळात परतणारी स्त्री मोहॉकांत निराधार ठरत नसे. उलट, जॉन्सनची विधवा म्हणून तिचा मान वाढला.

आपली प्रगती तपासा – १
(अ) मॉलीच्या अधिकाराची दोन उगमस्थाने कोणती?
(आ) मोहॉक प्रथेतील तिचे स्थान आणि मृत्युपत्रातील तिचा उल्लेख यांतील फरक चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.

५.४ विझलेला अग्नी

१७७५ मध्ये वसाहतवाल्यांचे बंड सुरू झाले. खोऱ्यातील घराघरांत तट पडले. जॉन्सनचा जावई व उत्तराधिकारी गाय जॉन्सन कॅनडात गेला. जोसेफ ब्रँट त्याच्यासोबत इंग्लंडला जाऊन राजाची भेट घेऊन आला. १७७६ मध्ये जॉन जॉन्सनलाही पळ काढावा लागला. मॉली मात्र कॅनाजोहारीतच राहिली. बंडखोरांच्या नजरेखाली राहून तिने राजाच्या पक्षातील लोकांना आसरा दिला, अन्न पुरवले आणि दारूगोळा पोचवण्यास मदत केली.

तिने राजाची बाजू का घेतली असावी? आपल्याकडे अशा प्रसंगी खाल्ल्या मिठाला जागणे असा शब्दप्रयोग करतात. पण तो येथे पुरेसा नाही. १७६८ मध्ये फोर्ट स्टॅनविक्स येथे झालेल्या तहाने गोऱ्या वसाहतींची हद्द ठरवली होती. राजाचे सरकार ती हद्द काही अंशी तरी मानत होते. जमिनीसाठी आसुसलेल्या वसाहतवाल्यांना ती जाचत होती. उद्या सत्ता त्यांच्या हाती गेली, तर आपली भूमी उरणार नाही, हे फिलाडेल्फियाचा प्रवास केलेल्या मॉलीला उघड दिसत होते. पतीच्या शब्दाशी इमान आणि स्वतःच्या लोकांची भूमी या दोन गोष्टी तिच्यासाठी त्या घडीला एकाच बाजूला होत्या.

ओनायडांचा विचार वेगळा होता. त्यांच्यात राहणारा धर्मोपदेशक सॅम्युएल कर्कलंड बंडखोरांच्या पक्षाचा होता. शेजारच्या वसाहतवाल्यांशी त्यांचा रोजचा व्यवहार होता. बहुसंख्य ओनायडा आणि टस्करोरा बंडखोरांकडे झुकले. उरलेली राष्ट्रे बराच काळ तटस्थ राहू पाहत होती. जानेवारी १७७७ मध्ये साथीच्या रोगात ऑनोंडागा येथील अनेक प्रमुख मरण पावले आणि संघाचा सामाईक अग्नी विझवण्यात आला. एकत्र बसून निर्णय घेण्याची जागाच नाहीशी झाली. यापुढे प्रत्येक राष्ट्र आपल्या वाटेने जाणार होते.

५.५ ओरिस्कनी

ऑगस्ट १७७७ च्या आरंभी सेंट लेजर या ब्रिटिश सेनानीने मोहॉक खोऱ्याच्या मुखाशी असलेल्या फोर्ट स्टॅनविक्सला वेढा घातला. त्याच्याबरोबर जोसेफ ब्रँटचे योद्धे आणि सेनेका होते. किल्ल्याच्या मदतीसाठी निकोलस हर्किमर सुमारे ८०० नागरी सैनिक घेऊन निघाला. त्याच्यासोबत ओनायडा योद्धेही होते. हे सैन्य निघाल्याचे कळताच मॉलीने वेगवान मोहॉक धावपटू पाठवले. ५ ऑगस्टच्या संध्याकाळी तिचा निरोप छावणीत पोचला.

दुसऱ्या दिवशी, ६ ऑगस्टला, किल्ल्यापासून सुमारे सहा मैलांवर ओरिस्कनी ओढ्याजवळच्या घळीत हर्किमरचे सैन्य दबा धरून बसलेल्यांच्या तावडीत सापडले. झाडाझाडाआडून, हातघाईवर येऊन लढाई झाली. शेकडो सैनिक पडले. जखमी हर्किमर दहा दिवसांनी मरण पावला. सेनेकांचेही अनेक मान्यवर योद्धे कामास आले. दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांना ओळखत होती. हर्किमरचा सख्खा भाऊ राजाच्या पक्षात होता. त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे ओनायडा आणि सेनेका, ओनायडा आणि मोहॉक यांनी या घळीत एकमेकांवर शस्त्र चालवले. ज्या राष्ट्रांनी आपापसांतील सूड कायमचा गाडला होता, त्यांच्यात पुन्हा भावकीचे वैर पेटले.

पुढचे पाऊल अटळ होते. राजाच्या बाजूच्या योद्ध्यांनी ओनायडांचे ओरिस्का हे गाव जाळले. त्याचा वचपा म्हणून ओनायडांनी बंडखोरांसह कॅनाजोहारीतील मोहॉकांची घरे लुटली. मॉलीचे घर त्यांच्या रोषाचे खास लक्ष्य होते, कारण निरोप कोणी धाडला हे खोऱ्यात सर्वांना ठाऊक होते. तिचे कपडे, दागिने, धान्य, सारे गेले. मुलांना घेऊन ती रातोरात निघाली. तिच्या रिकाम्या घरात एक ओनायडा कुटुंब राहायला आले. थोरला मुलगा पीटर ब्रिटिश सैन्यात होता. तोही याच वर्षी मरण पावला.

मॉलीने निरोप धाडला, तो निष्ठेपोटी. तिच्या माणसांवर चालून येणाऱ्या सैन्याची खबर न देणे तिच्या दृष्टीने द्रोह ठरला असता. तथापि त्या निरोपाचा शेवट संघाच्या छातीवर झालेल्या घावात झाला. चरित्रनायिकेचे समर्थन करण्याच्या ओघात ही गोष्ट झाकली जाऊ नये, तसा तिच्या एकटीच्या माथी दोषही मारला जाऊ नये. सरहद्दीवर दोन साम्राज्यसत्ता लढत होत्या आणि मरायला एकाच घरातील माणसे समोरासमोर उभी केली गेली होती.

५.६ निर्वासित आणि नेती

मॉली प्रथम ऑनोंडागा येथे आणि नंतर कायुगांच्या आश्रयास गेली. ऑक्टोबर १७७७ मध्ये सॅराटोगा येथे ब्रिटिश सेनापती बर्गॉइनने शरणागती पत्करली आणि संघातील राजपक्षाचा धीर खचू लागला. त्या शरदऋतूत भरलेल्या एका सभेत सेनेकांचा ज्येष्ठ नेता सायेनक्वेराघ्ता याचे मन डळमळले. तेव्हा मॉलीने भर सभेत त्याला जॉन्सनशी असलेल्या त्याच्या मैत्रीची आणि राजाला दिलेल्या वचनाची आठवण करून दिली. सभेने तिचे म्हणणे मानले. वाडा नाही, घर नाही, पदरी मुले, अशा अवस्थेतील या स्त्रीने एका बलाढ्य राष्ट्राच्या नेत्याला मागे वळवले.

तिचे हे वजन ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी तिला नायगारा किल्ल्यावर बोलावून घेतले. पुढील दोन वर्षे तेथे जमलेल्या योद्ध्यांचे आणि कुटुंबांचे रुसवेफुगवे, मागण्या, तंटे ती सोडवत राहिली. जे काम पूर्वी जॉन्सन हॉलच्या अंगणात चाले, तेच आता किल्ल्याच्या भिंतींआड, उपासमारीच्या छायेत चालू होते.

बाहेर सुडाचे चक्र फिरतच होते. १७७८ च्या ऑक्टोबरात वसाहतवाल्यांच्या सैन्याने उनाडिला आणि ओक्वागा ही गावे जाळली. ११ नोव्हेंबरला चेरी व्हॅली या वस्तीवर हल्ला झाला, त्यात स्त्रिया आणि मुलेही मारली गेली. १७७९ च्या उन्हाळ्यात जॉर्ज वॉशिंग्टनच्या आदेशावरून जनरल सलिव्हनची फौज संघाच्या प्रदेशात शिरली. चाळीसच्या आसपास गावे, उभी मक्याची पिके आणि फळबागा तिने नष्ट केल्या. प्रत्येक पक्ष आपल्या कृत्याला आधीच्या कृत्याचे उत्तर म्हणत होता. त्यानंतरच्या कडाक्याच्या हिवाळ्यात हजारो निर्वासित नायगाराच्या आसपास बर्फात खोपटी करून राहिले. कित्येक भुकेने आणि थंडीने दगावले. मोडल्या होत्या त्या स्त्रियांच्या शेती आणि जळाली होती ती त्यांचीच कोठारे. ज्या कोठारांमुळे सभेत त्यांच्या शब्दाला किंमत होती, ती गेल्यावर सारा समाज ब्रिटिशांच्या शिध्यावर जगू लागला.

मॉली तेव्हा कार्लटन बेटावर होती. मुलांच्या शिक्षणाच्या निमित्ताने ती माँट्रियलला गेली होती. युद्धाची बातमी ऐकून परतताना तिला या बेटावर थांबावे लागले. तेथील सेनाधिकाऱ्याने वरिष्ठांना कळवले की तळावरील मूळ रहिवाशांत जी शिस्त आणि सलोखा टिकून आहे, त्याचे मोठे श्रेय तिला आहे. गव्हर्नर हाल्डिमंडने तिच्यासाठी बेटावर घर बांधून देण्याची व्यवस्था केली. जगण्यासाठी तिला अधिकाऱ्यांकडे वारंवार मागणे करावे लागे. तथापि तिच्या मागण्यांत याचनेचा सूर नसे. आपण दिलेले परत मागतो आहोत, अशीच तिची भूमिका होती.

५.७ तह आणि उत्तरायुष्य

१७८३ मध्ये पॅरिस येथे तह झाला. इंग्लंडने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले आणि हद्दीची रेघ आखली. त्या रेघेच्या दक्षिणेस संघाची बहुतेक भूमी गेली. आठ वर्षे राजासाठी लढलेल्या राष्ट्रांचा उल्लेखही त्या तहात नव्हता. ज्या निष्ठेची ब्रिटिश अधिकारी पत्रांतून वारेमाप स्तुती करत, ती सही करणाऱ्यांच्या ध्यानातही नव्हती.

दुसऱ्या पक्षाची अवस्था पाहिली, तर हा प्रश्न कोणा एका सत्तेचा नव्हता, हे कळते. ओनायडा बंडखोरांच्या, म्हणजे विजेत्यांच्या बाजूने लढले होते. १७८४ मध्ये फोर्ट स्टॅनविक्सला झालेल्या नव्या तहाने त्यांच्या जमिनीची हमी दिली. मात्र पुढच्या चारच वर्षांत न्यूयॉर्क राज्याने त्यांची बहुतेक जमीन खरेदीच्या करारांनी काढून घेतली. मॉलीच्या रिकाम्या घरात शिरलेल्या लोकांच्याही पायाखालची जमीन सरकली. हरणाऱ्याशी निष्ठा ठेवणारे आणि जिंकणाऱ्याशी निष्ठा ठेवणारे दोघेही सारखेच भूमिहीन झाले.

जोसेफ ब्रँटने आपल्या अनुयायांसाठी कॅनडातील ग्रँड नदीकाठी जमीन मिळवली. मॉलीने कॅटारॅक्वी, म्हणजे आजचे किंग्स्टन, येथे वस्ती केली. सरकारने तिला घर आणि वर्षाला १०० पौंड निवृत्तिवेतन दिले. १७८५ मध्ये काही कायदेशीर कामासाठी ती जुन्या खोऱ्याजवळच्या स्केनेक्टडीला जाऊन आली. मोबदला घेऊन परत यावे, असा प्रस्ताव अमेरिकनांकडून आला, तो तिने तिरस्काराने नाकारला. तिच्या मुलींचे विवाह डॉक्टर, सैनिकी अधिकारी अशा प्रतिष्ठित गृहस्थांशी झाले. ती मात्र अखेरपर्यंत मोहॉक पद्धतीचा पोशाख करीत असे. सेंट जॉर्ज चर्चमध्ये ती नियमाने जाई आणि इंग्रज मंडळींत मानाच्या जागी बसे.

१७९५ च्या वसंतात प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर सिमको किंग्स्टनमध्ये खोकल्याने बेजार झाला होता. मॉलीने त्याला एक मुळी सुचवली आणि तिचा लवकरच गुण आला, अशी नोंद त्याच्या पत्नीने केली आहे. त्या नोंदीवरून ती मुळी वेखंडाची असावी. आपल्या घरांतील आजीच्या बटव्यात असते, तीच ही वनस्पती. सभा गाजवणारी, निरोपाने लढाईचे पारडे फिरवणारी ही स्त्री अखेरच्या काळात घराघरात ओळखली जात होती, ती अशा जाणतेपणामुळे. १६ एप्रिल १७९६ रोजी तिचे निधन झाले. किंग्स्टन येथेच तिचे दफन झाले.

५.८ समारोप

मॉलीचे एकही विश्वसनीय समकालीन चित्र उपलब्ध नाही. १९८६ मध्ये कॅनडाच्या टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले, तेव्हा चित्रकाराने एकाच चित्रात तिचे तीन चेहरे रेखाटले : हॉडनशोनी स्त्रीचा, युरोपीय राहणीतील स्त्रीचा आणि राजनिष्ठ निर्वासितेचा. ही कल्पना चतुर आहे. तथापि या चरित्राच्या अभ्यासानंतर आपण असे म्हणू शकतो की तिला स्वतःला आपण तीन आहोत असे वाटण्याचे कारण नव्हते. जॉन्सनवरील प्रेम, राजाशी इमान आणि ओरिस्कनीचा निरोप या तिन्ही गोष्टी तिने एकाच धर्माने केल्या. तो धर्म नात्याचा होता. ज्याला आपले म्हटले, त्याच्यासाठी उभे राहायचे आणि त्यानेही तसेच उभे राहावे अशी अपेक्षा धरायची.

साम्राज्याच्या भाषेत नात्याला जागा नव्हती. पत्नीसाठी तिच्याजवळ घरव्यवस्थापिका हा शब्द होता आणि सोयऱ्यांसाठी राजनिष्ठ हा. अशा शब्दांनी घेणाऱ्यावर कोणतेही बंधन येत नाही. मॉलीच्या मोहॉक नावातील उसन्या फुलाचा अर्थ येथे आठवावा. उसने घेतलेले परत करायचे असते, हे कोणत्याही शेजारणीला ठाऊक असते. मॉलीकडून आणि तिच्या लोकांकडून जे घेतले गेले, त्याची परतफेड एका घरात आणि वार्षिक १०० पौंडांत झाली असे मानायचे की नाही, याचा निर्णय वाचकाने करावा. तिची मुळे ज्या खोऱ्यात होती, तेथे ती पुन्हा राहायला गेली नाही.

५.९ स्वाध्याय

(१) हॉडनशोनी संघाचा मूळ उद्देश सांगून ओरिस्कनीच्या लढाईने त्याला कसा तडा गेला, ते सविस्तर लिहा.
(२) मॉलीने ५ ऑगस्ट १७७७ रोजी पोचवलेल्या निरोपाचे मूल्यमापन निष्ठा आणि परिणाम या दोन्ही अंगांनी करा.
(३) युद्धानंतर मोहॉक आणि ओनायडा यांच्या वाट्याला आलेल्या परिस्थितीची तुलना करा.
(४) आपल्या गावातील किंवा कुटुंबातील एखाद्या दिवंगत स्त्रीविषयी सातबारा, शाळेचा दाखला, शिधापत्रिका, मृत्युपत्र यांपैकी एखाद्या कागदात कोणते शब्द नोंदलेले आहेत, ते पाहा. त्या शब्दांत तिचे जे आयुष्य मावलेले नाही, ते सुमारे ३०० शब्दांत लिहा.